वादळानंतरचे पाणी : उपग्रहांची साक्ष आणि तिच्या मर्यादा



नंदिनी नगरासारख्या ठिकाणी समुद्राच्या पाण्याविषयी व्याख्यान योजावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटण्याजोगे आहे. ही वसाहत भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडक पुरविणाऱ्या खाणींची. पारादीपचा किनारा येथून सरळ रेषेत मोजला तरी साडेपाचशे किलोमीटरांहून दूर आहे. तथापि या भूमीचे समुद्राशी दुहेरी नाते आहे. पहिले नाते अतिप्राचीन होय. छत्तीसगढ खोऱ्यातील चुनखडक शंभर कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याच्याही मागे, उथळ समुद्राच्या तळाशी साचला. आणि त्याच्या थरांत ठिकठिकाणी आढळणाऱ्या पापुद्र्यांच्या घुमटाकार रचना हरितद्रव्य बाळगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी घडविल्या. त्या जीवांचे आजचे वंशज समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगत असतात, आणि प्रस्तुत विषयात त्यांची गाठ वारंवार पडणार आहे.

दुसरे नाते आजचे आहे. नंदिनीच्या शिवारात पडलेला पाऊस शिवनाथ नदीकडे वाहतो. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या डोंगराळ प्रदेशातून येणारी शिवनाथ महानदीला मिळते, आणि महानदी हिराकूडच्या जलाशयातून, कटकवरून पुढे जात बंगालच्या उपसागरात रिती होते. महानदीचे पाणलोट क्षेत्र सुमारे १,४१,००० चौरस किलोमीटर असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग छत्तीसगढात मोडतो. तेव्हा ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळ येऊन गेल्यावर तेथील पाण्याचे काय होते, हा प्रश्न केवळ किनाऱ्यावरील माणसांचा राहत नाही.

चक्रीवादळ पाण्याचे काय करते

चक्रीवादळाची चर्चा बहुधा वाऱ्याचा वेग, मृतांची संख्या आणि पडलेली घरे यांच्या आकड्यांपाशी थांबते. पाण्यावर होणारे परिणाम मात्र पुष्कळदा त्यानंतर प्रकट होतात. त्यांचे चार प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत.

पहिला परिणाम खोल समुद्रात घडतो. उत्तर गोलार्धात वादळाचे वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरील पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे केंद्रापासून बाहेर, लोटले जाते. आणि त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी वर येते. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट इत्यादी पोषक द्रव्ये विपुल असतात. सूर्यप्रकाश आणि ही द्रव्ये एकत्र आली की वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, झपाट्याने वाढतात.

दुसरा परिणाम उथळ किनारपट्टीवर होतो. लाटांचा जोर तळापर्यंत पोचून तेथे वर्षानुवर्षे साचलेला गाळ ढवळला जातो आणि त्याबरोबर गाळात दडलेली द्रव्येही वर येतात.

तिसरा परिणाम वादळी लाटेचा. ही लाट सपाट किनाऱ्यावरून आत शिरते तेव्हा तिचे पाणी खारे असते. ती परतते तेव्हा त्यात शेतांतील खत, संडासांच्या खड्ड्यांतील मैला, कुजलेला पालापाचोळा, जनावरांची प्रेते आणि सांडलेले तेल मिसळलेले असते.

चौथा परिणाम सर्वांत उशिरा दिसतो आणि सर्वांत अधिक काळ टिकतो. तो म्हणजे नद्यांच्या पुराचा. वादळ जमिनीवर येऊन दुर्बल झाले तरी त्याचा पाऊस चालूच राहतो, आणि वरच्या पाणलोटातील पाणी मुखाशी पोचावयास काही दिवस लागतात. किनाऱ्यावर आकाश निरभ्र होऊन मदतीची पथके परतू लागलेली असतात, त्याच सुमारास खाडीत गोड्या व गढूळ पाण्याचा लोंढा येतो.

या चौथ्या परिणामाचा उत्तम अभ्यास अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात झालेला आहे. १९९९च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात डेनिस, फ्लॉइड आणि आयरीन ही तीन वादळे तेथे एकापाठोपाठ आली. त्यांनी मिळून काही भागांत सुमारे एक मीटरपर्यंत पाऊस पाडला. पॅम्लिको साउंड नावाच्या विस्तीर्ण खाजणसरोवरातील पाण्याचा तीन-चतुर्थांश भाग पुराच्या पाण्याने बाहेर ढकलला, क्षारताही त्याच प्रमाणात घटली, आणि सामान्यतः वर्षभरात येणाऱ्या नायट्रोजनपैकी किमान निम्मा या पुराबरोबर येऊन पडला. पुढे क्रमाने जे घडले ते असे : हलके गोडे पाणी वर आणि जड खारे पाणी खाली, असे दोन थर पडले, तळाच्या पाण्यातील ऑक्सिजन कमी झाला, शेवाळवर्गीय वनस्पतींची वाढ दीर्घकाळ टिकली, आणि माशांमध्ये रोगाचे प्रमाण वाढले. त्या पंधरवड्यात सी-विफ्स या अमेरिकी उपकरणाने टिपलेल्या प्रतिमांत कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून समुद्रात पसरलेला तपकिरी पट्टा स्पष्ट दिसतो. पाण्याचा रंग उपग्रहाने दाखविला. तळाशी काय घडत होते, ते मात्र बोटीतून घेतलेल्या नमुन्यांनीच कळले. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा कणा आहे.

रंगावरून निदान

वैद्य जसा जीभ आणि डोळे पाहून शरीरातील बिघाडाचा अंदाज बांधतो, तसा उपग्रह समुद्राच्या रंगावरून पाण्याचा अंदाज बांधतो. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निळा विखुरते. म्हणून खोल, निर्मळ समुद्र निळा दिसतो. हरितद्रव्य निळा प्रकाश, विशेषतः ४४३ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा, शोषून घेते. हिरव्या प्रकाशावर त्याचा परिणाम त्या मानाने अल्प असतो. म्हणून समुद्रातून परतणाऱ्या निळ्या व हिरव्या प्रकाशाचे गुणोत्तर मोजले म्हणजे पाण्यात हरितद्रव्य, आणि पर्यायाने वनस्पतिप्लवक, किती आहेत याचे अनुमान करता येते.

या तत्त्वाची पहिली मोठी कसोटी १९७८ साली सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावरील उपकरणाने दिली. भारताने २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोटा येथून ओशनसॅट-१ हा उपग्रह सोडला. त्यावरील सागर-वर्ण मापकाला आठ वर्णपट्टे होते. सुमारे ७२० किलोमीटर उंचीवरून तो १,४२० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहत असे, सुमारे ३६० मीटर आकाराचा तपशील वेगळा ओळखू शकत असे, आणि त्याच ठिकाणी दर दोन दिवसांनी परत येत असे. २००९ साली ओशनसॅट-२ आणि २०२२ साली तेरा वर्णपट्ट्यांचे उपकरण असलेला ओशनसॅट-३ यांनी हे काम पुढे चालविले.

तत्त्व सोपे असले तरी व्यवहार कठीण आहे. समुद्रावरून उपग्रहाकडे जाणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे नऊ-दशांश प्रकाश पाण्यातून आलेला नसतोच. तो मधल्या हवेने विखुरलेला असतो. तो वजा केल्याशिवाय पाण्याचा रंग हाती लागत नाही. ही वजाबाकी करण्यासाठी असे गृहीत धरतात, की अवरक्ताच्या जवळच्या तरंगलांबीत समुद्र पूर्ण काळा असतो आणि तेथे जो काही प्रकाश दिसतो तो हवेचाच असतो. खोल समुद्रात हे गृहीत बरोबर ठरते. गढूळ पाण्यात मात्र गाळाचे कण तो प्रकाशही परतवितात. मग वजाबाकी अधिक होते आणि पुढचा सारा हिशेब चुकतो. वादळानंतर किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ असते. म्हणजे ज्या दिवशी मापनाची गरज सर्वाधिक, त्याच दिवशी सोपी रीत निरुपयोगी होते.

दुसरी अडचण हिरवेपणाच्या अर्थाची आहे. १९७७ साली मोरेल आणि प्रिऊर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्राच्या पाण्याचे दोन वर्ग कल्पिले. पहिल्या वर्गात पाण्याचा रंग मुख्यतः प्लवकांमुळे ठरतो. दुसऱ्या वर्गात प्लवकांखेरीज गाळ आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये स्वतंत्रपणे रंग ठरवितात. पाने आणि लाकूड कुजून पाण्यात उतरणारे पिवळसर द्रव्य, ज्यामुळे ओढ्याचे पाणी चहाच्या काढ्यासारखे दिसते, तेही निळा प्रकाश शोषून घेते. परिणामी निव्वळ गुणोत्तरावर विसंबणाऱ्या गणिताला पुराचे काढ्यासारखे पाणी आणि प्लवकांनी भरलेले पाणी यांतील फरक कळत नाही. म्हणून किनारी पाण्यासाठी निराळी सूत्रे वापरतात : तांबड्या वर्णपट्ट्यावरून गाळ, निळ्या-जांभळ्या वर्णपट्ट्यांच्या तुलनेतून पिवळे द्रव्य, आणि उरलेल्यावरून हरितद्रव्य. ही सूत्रे प्रत्येक किनाऱ्यासाठी प्रत्यक्ष नमुन्यांशी पडताळून घ्यावी लागतात. चेसापीकच्या उपसागरासाठी बसविलेले सूत्र महानदीच्या मुखाशी तसेच्या तसे लागू पडेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

१९९९चे महावादळ

ओशनसॅट-१ अवकाशात जाऊन पाच महिने होतात न होतात तोच २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महावादळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. वादळी लाट ५ ते ६ मीटर उंचीची होती आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागाची हानी सर्वांत भीषण होती. किनाऱ्यावर आल्यावरही हे वादळ लगेच पुढे सरकले नाही; एक दिवसाहून अधिक काळ किनारी ओडिशावरच घोटाळत ते पाऊस पाडीत राहिले.

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील शैलेश नायक आणि त्यांचे सहकारी यांनी ओशनसॅट-१च्या वादळापूर्वीच्या व नंतरच्या प्रतिमांची तुलना करून ओडिशाच्या किनारी पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास केला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. चक्रीवादळाचा किनारी पाण्यावरील परिणाम भारतीय उपग्रहाच्या सागर-वर्ण मापनावरून तपासण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांपैकी तो होय. त्याच महावादळानंतर चेन्नईपुढील समुद्रातही जैविक उत्पादन वाढल्याचे निरीक्षणांवरून नोंदले गेले. एका ठिकाणी किनाऱ्यावर आदळलेले वादळ शेकडो किलोमीटर दूरच्या पाण्यातही आपली खूण ठेवते, हे त्यातून दिसून आले.

येथे नंदिनीच्या पाण्याचाही हिशेब मांडता येतो. छत्तीसगढातून वाहून आलेला जाड गाळ बराचसा हिराकूडच्या जलाशयातच खाली बसतो. १९५७ साली ते धरण पुरे झाल्यापासून मुखाशी पोचणारा गाळ घटला. परंतु पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांना धरण तसे अडवू शकत नाही. शेतात टाकलेल्या खताचा नायट्रेटरूप अंश पाण्याबरोबरच पुढे जातो. गाळ डोळ्यांना दिसतो आणि नायट्रेट दिसत नाही. दिसणाऱ्याला धरण अडविते, न दिसणारे समुद्रापर्यंत पोचते, आणि तेथे हिरवेपणाच्या रूपाने पुन्हा दिसू लागते.

ढगांचा पडदा

सागर-वर्ण मापकाचा मोठा शत्रू म्हणजे ढग. वादळाच्या काळात समुद्र ढगांखाली झाकलेला असतो, आणि प्रकाशावर चालणाऱ्या उपकरणाला तेथे काहीच दिसत नाही. ही अडचण सर्व किनाऱ्यांवर सारखी नाही. कोकणच्या दोन वादळांची तुलना केली म्हणजे ते ध्यानात येईल.

'फ्यान' हे वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपलेला होता. वादळ ओसरल्यावर आकाश मोकळे होण्यास वाव होता. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी या वादळानंतर अरबी समुद्राचे पृष्ठजल थंड झाल्याचे आणि हरितद्रव्य वाढल्याचे उपग्रहांच्या साहाय्याने दाखविले. याउलट 'निसर्ग' हे वादळ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या. परंतु जूनच्या पूर्वार्धात कोकणावर मोसमी ढगांचे छत्र येते आणि पुढे महिनोन् महिने राहते. अशा वेळी वादळाने खाड्यांत काय आणून टाकले आणि मोसमी पुराने काय आणले, हे प्रकाशीय प्रतिमांवरून वेगळे काढणे जवळजवळ अशक्य होते.

ढग भेदण्यासाठी सूक्ष्मतरंगांचा आश्रय घ्यावा लागतो. सूक्ष्मतरंग-मापक समुद्राचे तापमान ढगांतूनही मोजतो; २०१०पासून काही उपग्रह अशाच रीतीने पृष्ठभागाची क्षारताही मोजत आले आहेत. दुर्दैवाने त्यांची नजर स्थूल असते. दहा-वीस किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या चौकोनाची ती सरासरी देतात, आणि जमीन जवळ आली की आकडे बिघडतात. एखादी खाडी त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. रडार-प्रतिमा पुष्कळ सूक्ष्म असतात. पुराखालील जमीन आणि लाटांची बारीक खळबळ दाबून टाकणारा तेलाचा तवंग त्यांत दिसतो. पण पाण्याचा रंग रडारला कळत नाही. एकही उपकरण एकट्याने पुरेसे नाही.

हिरवेपणाचे दोन अर्थ

मच्छीमाराच्या दृष्टीने हिरवे पाणी हे शुभचिन्ह होय. प्लवक वाढले की त्यांवर जगणारे जीव वाढतात आणि त्यांच्यामागे मासे येतात. हैदराबादची राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था पृष्ठजलाचे तापमान व हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय नकाशांवरून मासे मिळण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रांची सूचना किनाऱ्यावरील मच्छीमारांना देते. या सेवेने इंधन व वेळ वाचतो.

वादळानंतर मात्र हाच हिरवा रंग दुसरा अर्थ धारण करू शकतो. पुराबरोबर आलेल्या नायट्रोजनावर माजलेले प्लवक काही दिवसांनी मरतात, तळाशी जातात आणि कुजतात. कुजविणारे जिवाणू तेथील ऑक्सिजन संपवितात. वरचे पाणी हिरवे आणि समृद्ध दिसत असता खाली खेकडे व शिंपले गुदमरत असतात. उपग्रहाची दृष्टी निर्मळ समुद्रात काही दहा मीटर खोलवर जाते, तर गढूळ पाण्यात एक मीटरही आत शिरत नाही. पॅम्लिकोत तळाच्या पाण्याचा ऑक्सिजन घटला, तो याच दृष्टीच्या आड.

विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, कीटकनाशके आणि मैल्यातील जिवाणू यांपैकी कशालाही उपग्रह प्रत्यक्ष ओळखू शकत नाही. खाडीच्या चिखलात ओहोटीला कालवे आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला जी गोष्ट कळणे निकडीचे असते, नेमकी तीच प्रतिमेत नसते. कालवे पाणी गाळून त्यातील कण खातात. पाण्यात मैला असेल तर त्यातील रोगजंतू त्यांच्या शरीरात साठतात. वादळाने होडी मोडली आणि जाळी वाहून गेली, तर घरच्या चुलीला आधार उरतो तो याच चिखलातील जिनसांचा. तेव्हा पाणी कधी निर्धास्त होईल हा प्रश्न तिच्यासाठी रोजच्या जेवणाचा असतो.

अप्रत्यक्ष मार्ग काही प्रमाणात उपलब्ध आहेत. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बंगालच्या उपसागराचे पृष्ठतापमान व समुद्रपातळी यांच्या उपग्रहीय मोजमापांचा बांगलादेशातील पटकीच्या साथीशी संबंध जोडून दाखविला. पटकीचा जिवाणू प्लवकांवर जगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो. त्यामुळे समुद्राच्या अवस्थेवरून साथीचा अंदाज बांधता येतो. असा अंदाज म्हणजे रोगाचे निदान नव्हे. त्यावरून कोठल्या गावात पाण्याचे नमुने प्रथम घ्यावेत, एवढे ठरविता येते. आणि वादळानंतरच्या धांदलीत एवढेही पुष्कळ आहे.

होडी, तरंगते यंत्र आणि उपग्रह

ओडिशाच्या चिल्का सरोवराचे उदाहरण या तिहेरी पद्धतीची गरज स्पष्ट करते. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ आलेल्या 'फायलिन' वादळानंतर पुराच्या गोड्या पाण्याने सरोवराची क्षारता एकदम घटली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ आलेल्या 'फनी' वादळाने तर सरोवर व समुद्र यांमधील वाळूचा बांध फोडून नवी मुखे उघडली. मुख उघडल्याचे उपग्रहीय प्रतिमेत दिसते. आत किती खारे पाणी शिरले हे सरोवरातील मोजमापांनी कळते. आणि कोणता मासा कोठून नाहीसा झाला, हे तेथे जाळे टाकणाऱ्यालाच प्रथम समजते.

भारताच्या किनाऱ्यावर प्रदूषण-मापनाचा नियमित कार्यक्रम १९९०च्या दशकाच्या प्रारंभापासून चालू आहे. त्यात ठरावीक स्थळांवर बोटीने जाऊन नमुने घेतात. पुढे विशाखापट्टणम व कोची येथे पाण्याची गुणवत्ता सतत मोजणारी तरंगती यंत्रेही बसविण्यात आली. अशी यंत्रे रात्री, पावसात आणि ढगांखालीही काम करतात. पण ती एका बिंदूपुरती असतात. उपग्रह त्या बिंदूभोवतीचे क्षेत्र दाखवितो, आणि यंत्र उपग्रहाच्या अनुमानाला खऱ्या मापाचा आधार देते.

यातील सर्वांत दुर्लक्षित गरज मात्र वादळाच्या दिवसाची नाही. वादळाने पाणी किती बिघडविले हे सांगावयाचे तर वादळ नसताना ते कसे होते, हे ठाऊक असावे लागते. कोणत्या महिन्यात किती गाळ, किती हरितद्रव्य, किती क्षारता, याची अनेक वर्षांची नोंद नसेल तर वादळानंतरची प्रतिमा कितीही सुस्पष्ट असली तरी मुकी राहते. अशी नोंद ठेवण्याचे काम नीरस असते, त्याला बातमीचे मोल नसते, आणि खर्चात काटकसर करावयाची झाली की पहिली कात्री बहुधा त्यालाच लागते. एरसमाच्या किंवा श्रीवर्धनच्या मच्छीमाराला पुढच्या वादळानंतर 'आज कालवे खाऊ नका' किंवा 'आजपासून हरकत नाही' असे खात्रीने सांगता यावयाचे असेल, तर ते उत्तर शांत दिवसांतील मापनांतूनच तयार होणार आहे.

आणि ती मापने केवळ किनाऱ्यावर घेऊन भागणार नाही. शिवनाथच्या पुलाखाली पावसाळ्यात घेतलेला बाटलीभर पाण्याचा नमुना, त्यावर लिहिलेली तारीख आणि त्यातील नायट्रेटचे प्रमाण ही नोंदही महानदीच्या मुखाशी दिसणाऱ्या हिरव्या पट्ट्याचा अर्थ लावण्यास उपयोगी पडते. उपग्रह नदीचा शेवट दाखवितो. तिचा आरंभ मोजणे मात्र जमिनीवरील माणसांच्या हाती आहे.